नाव गुप्त असावं, पत्ता नव्हे

दादाला रुग्णालयातून घरी आणलं त्या दिवशी माझ्या हातात तीन कागद होते. औषधांची चिठ्ठी, रक्ताचे रिपोर्ट आणि डिस्चार्जचा कागद. चिठ्ठीवर सगळं काटेकोर होतं : गोळीचं नाव, किती मिलिग्रॅम, जेवणाआधी की नंतर, किती दिवस. डिस्चार्जच्या कागदावर मात्र अगदी तळाशी घाईघाईत एक ओळ खरडलेली होती : 'सपोर्ट ग्रुपला जाणे.' कुठल्या ग्रुपला, कुठे, कोणत्या वारी, किती वाजता, काहीच नाही.

शोध मी घेतला. एका यादीत तीन पत्ते सापडले. पहिल्या दोन ठिकाणचे फोन बंद होते. तिसऱ्या पत्त्यावर आम्ही दोघं संध्याकाळी सातला पोचलो. जिन्यात दिवा नव्हता. वरच्या मजल्यावर दाराला कुलूप. खाली येऊन चौकशी केली तेव्हा एक जण म्हणाला, "ते लोक ना? वर्ष झालं त्यांना जागा बदलून." कुठे गेले ते त्याला ठाऊक नव्हतं. दादा पायरीवर थोडा वेळ बसला. मग म्हणाला, "बघ, मी आलो होतो हां." अकरा दिवस त्याने थेंबाला हात लावला नव्हता. त्या रात्री तो प्यायला.

पिणाऱ्याला निमित्त पुरतं, असं लोक म्हणतात. त्या रात्री घरातही कुणीतरी म्हणालंच. पण मी त्या जिन्यात त्याच्या शेजारी होतो. ज्या माणसाने आयुष्यात कधी कुणापुढे 'मला जमत नाहीये' असं म्हटलं नव्हतं, तो ते अनोळखी लोकांसमोर म्हणायला निघाला होता. अशी हिंमत साठवून ठेवता येत नाही. ती एखाद्या संध्याकाळी येते आणि दाराला कुलूप असेल तर परत जाते.

दारू सोडलेल्यांच्या गटांबद्दल बोलताना वाद नेहमी एकाच प्रश्नावर रंगतो : एकत्र बसून एकमेकांचे अनुभव ऐकण्याच्या या सभांचा खरंच उपयोग होतो का? प्रश्न महत्त्वाचा आहे, त्याकडे मी येतोच. पण त्याच्याही आधीचा प्रश्न कुणी विचारत नाही. सभेच्या दारापर्यंत माणसाला पोचवायचं कुणी? माझं म्हणणं असं, की ही जबाबदारी सार्वजनिक आरोग्याची आहे. रुग्णाच्या नशिबाची नाही, त्याच्या बायकोची किंवा धाकट्या भावाची नाही आणि तो गट फुकट चालवणाऱ्या पाच-सात माणसांची तर नाहीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०१९ साली जगात सुमारे ४० कोटी लोकांना मद्यपानाशी निगडित विकार होता. त्यातले जवळपास २१ कोटी पूर्णपणे दारूच्या अधीन झालेले होते. त्याच वर्षी २६ लाख मृत्यू दारूमुळे झाले. इतक्या मोठ्या आजाराच्या उपचारातला एक मोठा भाग आपण 'ग्रुपला जाणे' या दोन शब्दांवर सोडून दिला आहे.

दारू सोडलेल्यांच्या या गटांच्या चळवळीचा जन्मच मुळी अशा शोधातून झाला आहे. मे १९३५. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अ‍ॅक्रन नावाचं शहर. न्यूयॉर्कहून धंद्याच्या कामासाठी आलेला बिल विल्सन नावाचा माणूस हॉटेलच्या लॉबीत उभा आहे. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झालेत, काम फिसकटलंय, खिशात फारसे पैसे नाहीत. लॉबीच्या एका बाजूला बार आहे, तिथून हसण्याबोलण्याचे आवाज येताहेत. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि शहरातल्या चर्चची यादी. तो यादीकडे वळतो आणि एकामागून एक फोन लावत सुटतो. त्याला हवा असतो दुसरा एक पिणारा, ज्याच्याशी बोललं तर आपण पिणार नाही. फोनच्या साखळीतून हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंचं नाव मिळतं आणि त्यांच्यामार्फत डॉ. रॉबर्ट स्मिथ भेटतात. शल्यचिकित्सक, आणि दारूने पुरते पोखरलेले. पंधरा मिनिटांवर थांबणार नाही, असं बायकोला बजावून आलेले डॉक्टर रात्री अकरा वाजून गेले तरी उठले नव्हते. पुढे १० जून १९३५ हा त्यांच्या शेवटच्या पेल्याचा दिवस मानला गेला आणि तोच 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस'चा, म्हणजे 'अनामिक मद्यपीं'च्या संघटनेचा, स्थापनादिन. आज या संघटनेचे १ लाख २० हजारांहून अधिक गट सुमारे १८० देशांत आहेत.

या गोष्टीतली आध्यात्मिक बाजू पुष्कळ सांगितली जाते. मला त्यातला टेलिफोन महत्त्वाचा वाटतो. सार्वजनिक जागी टांगलेली एक यादी होती, त्यावरचे नंबर लागत होते, आणि पलीकडच्या बाईंनी 'चौकशी करून सांगते' न म्हणता थेट भेट ठरवली. यातली एक कडी जरी निसटली असती, तरी लॉबीतला बार जवळच होता.

ही कडी किती मोलाची आहे याची परीक्षाही झालेली आहे. १९८१ साली अमेरिकेत एक छोटासा प्रयोग प्रसिद्ध झाला. वीस लोक, दोन गट. एका गटाला नेहमीच्या पद्धतीने माहिती दिली : सभा कुठे असते, केव्हा असते, जा. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकासमोरच समुपदेशकाने या संघटनेच्या एका जुन्या सदस्याला फोन लावला, दोघांचं बोलणं करून दिलं आणि त्या सदस्याने पहिल्या सभेला सोबत नेण्याचं कबूल केलं. दुसऱ्या गटातले सगळे सभेला गेले. पहिल्या गटातला एकही नाही. वीस जणांचा प्रयोग म्हणजे काही ब्रह्मवाक्य नव्हे, हे मलाही कळतं. पण शून्य आणि शंभर यांच्यात जे अंतर आहे ते एका फोनचं आहे, आणि तो फोन करायला दहा मिनिटंही लागत नाहीत.

आता उपयोगाच्या प्रश्नाकडे. २०२० साली कॉक्रेन या नामांकित संस्थेने २७ अभ्यासांचा, साडेदहा हजारांहून अधिक सहभागींचा आढावा प्रसिद्ध केला. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसशी रुग्णाला पद्धतशीर जोडून देणारे कार्यक्रम हे इतर मान्यताप्राप्त मानसोपचारांच्या तोडीचे ठरले. पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत तर थोडे सरसच : वर्षाच्या शेवटी सुमारे ४२ टक्के विरुद्ध ३५ टक्के. ही जादू नव्हे. निम्म्याहून अधिक लोकांना पहिल्या वर्षात यश आलेलं नाही, हेही त्याच आकड्यात आहे. पण यातला 'पद्धतशीर जोडून देणारे' हा भाग लोक वाचतच नाहीत. तपासला गेला तो मुख्यतः प्रशिक्षित माणसाने रुग्णाला सभेची ओळख करून देण्याचा, जायला लावण्याचा, गेल्यावर काय वाटलं ते पुढच्या भेटीत विचारण्याचा कार्यक्रम. कागदाच्या तळाशी दोन शब्द खरडण्याची कुणी चाचणी घेतलेली नाही, आणि यशाचे आकडे मात्र आपण त्या दोन शब्दांच्या खात्यावर जमा करतो.

मग हे होत का नाही? आळस, वेळेचा अभाव ही कारणं आहेतच. पण एक गैरसमज त्याहून खोल आहे. गट 'अनामिक' आहे म्हणजे तो लपवूनच ठेवायला हवा, असं आपण धरून चाललो आहोत. रुग्णालयातल्या सूचनाफलकावर सभेचा कागद लावायला गेलं की विचारतात, "हे असं उघड लावलं तर चालतं का?" चालतं. अनामिकता सदस्याची असते, सभेची नव्हे. कोण आलं, काय बोललं, हे त्या खोलीबाहेर जायचं नाही. खोली कुठे आहे, हे मात्र जितक्या जणांना कळेल तितकं चांगलं. १९४१ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या साप्ताहिकाने या चळवळीवर लेख छापला. त्या वर्षाच्या सुरुवातीला सदस्यसंख्या दोन हजारांच्या आसपास होती, वर्ष सरता सरता ती आठ हजारांवर गेली. आलेल्या पत्रांना उत्तरं देता देता कचेरीतल्या लोकांची दमछाक झाली. गटाची माहिती घरोघर पोचली आणि सदस्यांची अनामिकताही शाबूत राहिली.

बाहेर उभ्या माणसाला ती खोली भीतिदायक वाटते, कारण तिथे काय होतं हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. दादाची समजूत अशी होती, की उभं करून गुन्हे कबूल करायला लावतील, रजिस्टरवर सही घेतील, शपथ घ्यायला लावतील. प्रत्यक्षात तसं काही नसतं. सभा तास-दीड तासाची. खुल्या सभेला कुणीही जाऊन बसू शकतं : पिणारा, त्याचा नातेवाईक, डॉक्टर, विद्यार्थी. बंद सभा फक्त ज्यांना स्वतःचं पिणं थांबवायचं आहे त्यांच्यासाठी. नाव सांगायचं तर पहिलं नाव पुरे. बोलायची सक्ती नाही, 'आज फक्त ऐकतो' इतकं म्हटलं तरी चालतं. एकाचं बोलणं चालू असताना दुसरा मध्ये बोलत नाही, संपल्यावर सल्लाही देत नाही. हा नियम ऐकायला साधा आहे, पण ज्याला वर्षानुवर्षं घरीदारी फक्त सल्लेच मिळालेत त्याला कुणी वीस मिनिटं नुसतं ऐकून घेणं म्हणजे काय, हे मी दादाच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. शेवटी पैशांची पिशवी फिरते, नव्याने आलेल्याने काही टाकावं अशी अपेक्षा नसते. सभा संपल्यावर खुर्च्या उचलता उचलता फोन नंबरांची देवाणघेवाण होते. खरं काम पुष्कळदा तिथेच होतं, कारण घसरण्याची वेळ सभेच्या वेळापत्रकाप्रमाणे येत नाही. ती रात्री दीडला येते, तेव्हा फोन लावायला एक नंबर लागतो.

आणि एक सभा आवडली नाही म्हणून सगळंच सोडून देऊ नये. प्रत्येक गटाचा स्वभाव वेगळा. एके ठिकाणी सगळे वयस्कर, दुसरीकडे तरुण. कुठे वाचन जास्त, कुठे अनुभव जास्त. पाच-सहा ठिकाणी बसून पाहिल्याशिवाय 'हे माझ्यासाठी नाही' असं ठरवणं घाईचं होईल.

आक्षेपांना बगल देऊन चालणार नाही. त्यातला सर्वांत जुना आक्षेप देवाचा. संघटनेच्या बारा पायऱ्यांत, म्हणजे दारू सोडण्याच्या तिच्या बारा टप्प्यांत, ईश्वराचा उल्लेख आहे, आणि 'आपापल्या समजुतीप्रमाणे' अशी मोकळीक दिली असली तरी नास्तिकाला तो खुपतो. त्याचं खुपणं खोटं नाही. पण याच संघटनेच्या तिसऱ्या परंपरेनुसार (गट कसे चालावेत याच्या तिच्या नियमांना 'परंपरा' म्हणतात) सदस्य होण्याची अट एकच : पिणं थांबवण्याची इच्छा. श्रद्धेची अट नाही. तरीही ज्याला तिथे घुसमटायला होतं त्याच्यासाठी दुसऱ्या वाटा आहेत. जीन कर्कपॅट्रिक यांनी सत्तरच्या दशकात खास बायकांसाठी 'विमेन फॉर सोब्रायटी' सुरू केली. आपण शक्तिहीन आहोत असं म्हणायला लावण्यापेक्षा आपल्यात ताकद आहे हे बाईला सांगायची गरज आहे, अशी त्यांची धारणा होती. १९९४ पासून 'स्मार्ट रिकव्हरी' या नावाने चालणारे गट विचार आणि वर्तन बदलण्याच्या मानसशास्त्रीय पद्धतींवर आधारलेले आहेत, तिथे देवाचा विषयच नाही. यादी करायची तर या सगळ्यांची करायला हवी. पहिला पर्याय पटला नाही म्हणून माणूस रिकाम्या हाताने परत जाणं, हे आपल्याला परवडणारं नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. हे गट म्हणजे वैद्यकीय उपचार नव्हेत, आणि काही उत्साही सदस्य त्या जागेवर जाऊन बसतात. "गोळ्या बंद कर, गोळ्या म्हणजे दुसरी दारूच," असं सांगणारा एखादा भेटतो. संघटनेचं स्वतःचं साहित्य सांगतं, की सदस्याने डॉक्टरकी करू नये. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, डायसल्फिराम ही औषधं उपयोगी पडतात, आणि ती घेणारा माणूस सभेत कमी दर्जाचा ठरत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने कुणाच्या तरी भाषणाने भारावून एका रात्रीत पिणं थांबवू नये. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला थरकाप, भास, भ्रम सुरू होऊ शकतात, आणि उपचार नसतील तर ते जिवावर बेततं. त्यामुळे आधी डॉक्टर, मग सभा. किंवा दोन्ही एकदम. पण डॉक्टरऐवजी सभा, असं कधीही नाही.

सक्तीच्या मात्र मी विरोधात आहे. अमेरिकेत दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना न्यायालयं सभेला पाठवत आली, हजेरीचा कागद सही करून आणायला सांगत आली. धार्मिक स्वरूपाच्या सभेची अशी सक्ती घटनेत बसत नाही, असं १९९६ पासून तिथल्या एकाहून अधिक अपील न्यायालयांनी म्हटलं. कायद्याची बाजू बाजूला ठेवली तरी, जिथे शेजारचा माणूस सहीसाठी बसलाय तिथे मनातलं बोलणं अवघड होतं. हात धरून दारापर्यंत नेणं आणि ढकलून आत घालणं यांत फरक आहे, आणि मी पहिल्यासाठी भांडतो आहे.

मग करायचं काय? 'सरकारने अनुदान द्यावं' हे आपलं ठरलेलं उत्तर इथे चालत नाही. सातव्या परंपरेप्रमाणे प्रत्येक गट स्वतःच्या पैशावर उभा राहतो, बाहेरच्या देणग्या घेत नाही. मला हा बाणेदारपणा फार आवडतो, आणि तो मोडायला लावू नये. त्यांना अनुदान नको, खोली द्या, आणि त्या खोलीचं माफक भाडं जरूर घ्या. रुग्णालयातली बाह्यरुग्ण विभागाची खोली संध्याकाळी रिकामी असते. वाचनालयाचं सभागृह, शाळेचा वर्ग, समाजमंदिर सगळं रात्री बंद असतं. जागा पक्की असली की पत्ता बदलत नाही, आणि पत्ता बदलला नाही की यादी शिळी होत नाही. यादी ताजी ठेवायचं काम पगारी माणसाचं असावं. दर महिन्याला प्रत्येक नंबरवर फोन करून खात्री करायची, बंद पडलेली सभा खोडायची, नवी लिहायची. जिना आहे की उतार, बायकांची वेगळी सभा आहे का, रात्रपाळी करणाऱ्याला जमेल अशी सकाळची सभा आहे का, हेही त्यातच यावं. एका कारकुनाचं अर्धवेळ काम आहे हे.

वॉर्डातून सुट्टी देताना रुग्णाच्या संमतीने त्याच्यासमोर गटातल्या माणसाला फोन लागावा, आणि डिस्चार्जच्या कागदावर गोळीच्या डोससारखंच लिहिलेलं असावं : वार, वेळ, मजला, सोबत येणाऱ्याचं पहिलं नाव. पुढच्या तपासणीत रक्तदाबाबरोबर हेही विचारावं, की गेला होता का, कसं वाटलं. गटांची यात आडकाठी नसते. उलट रुग्णालयात जाऊन माहिती द्यायला ते एका पायावर तयार असतात. आकर्षण हवं, जाहिरात नको, असं त्यांचं धोरण असल्यामुळे ते स्वतःहून ढोल वाजवणार नाहीत, इतकंच. म्हणूनच हे काम आपलं आहे.

घरच्यांनाही हाच रस्ता दाखवायला हवा. पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी अल-अ‍ॅनॉन १९५१ पासून आहे, किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन १९५७ पासून. पिणारा यायला तयार नसला तरी बायको, आई, मुलगा जाऊ शकतात. हे मला कळायला फार उशीर झाला. वहिनीला कुणी पाच वर्षांपूर्वी सांगितलं असतं, तर तिची कितीतरी वर्षं बाटल्या शोधण्यात आणि ओतून टाकण्यात गेली नसती.

ऑनलाइन सभांनी एक मोठी सोय केली, विशेषतः २०२० च्या टाळेबंदीनंतर. दूर राहणाऱ्याला, अंथरुणाला खिळलेल्याला, लहान मूल सांभाळणाऱ्या बाईला त्या खरोखर आधार आहेत. पण स्क्रीन बंद केली की माणूस परत त्याच घरात एकटा असतो. जमेल त्याने खोलीत जावं. तिथे कुणी तुमच्या तोंडाला वास येतो आहे हे ओळखतं आणि तरीही शेजारची खुर्ची सोडून जात नाही.

दादा पुन्हा तयार व्हायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत काय काय झालं ते इथे लिहीत नाही. दुसऱ्या वेळी माझ्याकडे फोन नंबर होता, एका परिचारिकेने स्वतःच्या डायरीतून काढून दिलेला. पलीकडच्या माणसाने पत्ता सांगितला आणि म्हणाला, "दार चटकन सापडत नाही, मी खाली येऊन थांबतो." तो खरंच खाली थांबला होता, फाटकाला टेकून, हातात मोबाइल. दादाकडे बघून म्हणाला, "या. पहिल्यांदा ना? मीही याच फाटकातून दोनदा परत गेलो होतो." मी बाहेरच थांबलो. दादा त्याच्या मागोमाग जिना चढून वर गेला.

तेव्हा त्या दारावर पाटी नव्हती. आता आहे. हाताच्या पंजाएवढी, निळ्या रंगात, दादाने स्वतः रंगवलेली. तिच्यावर वार आणि वेळ आहे, आणि बाजूला बाण काढलाय, वरच्या मजल्याकडे.